आखाजीचा फाटका मांडा

१

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, संध्याकाळी सोनगीरला कामिनी मेली. माहेरी मेली. झाडाला सणाचे झोके तसेच होते, चुलीवरच्या खापराखालची राख गरम होती, आणि चौतीस वर्षांची बाई ओसरीवर गुदमरली. तोंडातून लाळ गळत होती, डोळे अर्धे मिटलेले. धुळ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत छाती हलायची थांबली.

तोंडात लाळ दिसली की आपल्या कपाशीच्या मुलखात एकच शब्द उठतो. औषध. म्हणजे फवारणीचं. आपल्याकडे औषधाने माणसं बरी होतात त्याहून जास्त मरतात, म्हणून तो शब्द ऐकला की कोणी पुढचं विचारत नाही.

कामिनीचा धाकटा भाऊ हितेंद्र धुळ्यात एका मेडिकल दुकानावर कामाला. त्याने दवाखान्याच्या भिंतीवर डोकं आपटत सांगितलं, अक्काला सासरच्यांनी मारलं. नवरा कुंदन पहूरला पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचा. बायकोला सणाला पाठवताना त्याने पिशवीत शक्तीच्या टॉनिकची बाटली घातली होती. झालं. बाटली जप्त, कुंदन कोठडीत. त्यांची नऊ वर्षांची पोरगी पहूरला आजीजवळ.

व्हिसेऱ्याचा अहवाल यायला महिने लागतात. तोवर बाप आत राहणार, आणि पोरगी रोज शाळेच्या वाटेवर ऐकणार की तुझ्या बापाने तुझ्या आईला विष घातलं. अहवाल काहीही येवो, असलं वाक्य पोरीच्या कानातून परत निघत नाही.

फौजदार प्रशील बैसाणे यांच्याकडे तपास होता. ते डॉ. दिपमाला भामरेंच्या दवाखान्यात येऊन बसले. दिपमाला नसा आणि स्नायूंची डॉक्टर. हुशार म्हणून जेवढी माहीत, तेवढीच तोंडाची फटकळ म्हणून.

"मॅडम, केस सरळ आहे. पण मला झोप नाही."

"मग गोळी लिहून देते. बाहेर पेशंट बसलेत."

"तो कुंदन कोठडीत रडत नाही. ओरडत नाही. एकच विचारतो, ती जेवली होती का. विष देणारा माणूस असं विचारेल का?"

दिपमालाने पेन खाली ठेवलं. त्या संध्याकाळी दवाखान्यात ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरला तिने फोन लावला. दोनच गोष्टी विचारल्या. डोळ्यांच्या बाहुल्या कशा होत्या? अंगाला घाम होता?

"बाहुल्या बारीक नव्हत्या, मॅडम. घाम नाही. वासही नाही."

तिने फोन ठेवला. "फवारणीच्या विषाने बाहुल्या मोहरीएवढ्या होतात, बैसाणे. माणूस घामाने निथळतो. वास तर दारातून येतो. हे ते विष नाही."

"मग कोणतं?"

"ते बाटलीला विचारून कळणार नाही. गाडी काढा. पहूरला जाऊ."

२

सुंदरबाई, कामिनीची सासू, दाराशी बसली होती. नात मांडीवर झोपलेली. पोलिसाची गाडी बघून ती उठली नाही.

"आता मलेबी न्या. पोराले नेलं, मले काऊन ठेवलं?"

दिपमाला खाली जमिनीवरच बसली. "मावशी, मी पोलीस नाही. सुनेचं कसं होतं, ते सांगा. चांगलं सांगू नका. खरं सांगा."

म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं. खरं मागायला कोणी आलंच नव्हतं. शेजारपाजारचे सगळे सांत्वनाला किंवा मजा बघायला आले होते.

"ढोंगी व्हती," ती म्हणाली. "म्या तिच्या तोंडावर म्हनलं, आता मेल्यावर काय खोटं बोलू? सकायी उठली की टनटन. पानी भरे, झाडझूड करे. दिवस कलला की डोये झाकून बसे. म्हने, पापन्या वर होत नाईत. पापन्या कोनाच्या जड होतात का, बाई? बोलता बोलता नाकात बोले. दोन भाकरी थापल्या की हात मांडीवर. अन् जेवताना हनुवटीले हात लावून घास चावे, सुतकात बसल्यावानी. म्या किती डाव हात झटकला तिचा."

"दवाखान्यात नेलं नाही?"

"नेलं तं! जयगावले नेलं, कुंदननं मोटारसायकलवर. डोक्याचा फोटो काढला. काईच नाई. एकानं ताकदीच्या सुया देल्ल्या, एकानं म्हनलं टेन्शन हाये. मीबी तेच म्हनत व्हती, फक्त फुकट."

"किती वाजता पोचायचे तिथे?"

"सकायीच. नंबर लावा लागतो ना."

दिपमालाच्या जबड्याची नस उडाली. बाईचं दुखणं संध्याकाळचं, आणि डॉक्टरांची ओपीडी सकाळची. झोपून उठलेली, ताजी कामिनी त्यांच्यासमोर डोळे टक्क उघडून बसायची आणि सांगायची की माझे डोळे उघडत नाहीत. डॉक्टरांनी हसण्यापलीकडे काय करायचं होतं? एकाने तरी म्हणायचं, बाई, जरा वर बघत बस, मी चहा घेऊन येतो. चहा संपायच्या आत पापण्या खाली आल्या असत्या. पण त्यासाठी बाई खरं बोलतेय असं आधी वाटावं लागतं.

"एकच डाव ती खरी निंघाली," सुंदरबाई म्हणाली. "कपाशी येचताना. तिले पान लागलं व्हतं."

"साप चावला?" प्रशील पुढे सरकले.

"हो ना. दिवसभर येचनी केली, अन् सांजच्याले वावरात पडली. डोये बंद, थुंकी गियता येईना. तालुक्याले सरकारी दवाखान्यात नेलं."

"साप कोणी पाहिला?"

"कोनी नाई."

"दात लागल्याची खूण?"

"डॉक्टर म्हने काही सापाची खून दिसत नाई. सुया देल्ल्या, अन् काय सांगू, माय, आम्ही गेटापाशी चहा पेऊन येतो तं पोरगी डोये उघडून बसेल! घंट्या-दोन घंट्यानं पुन्हा झाकले, पुन्हा सुई देल्ली, पुन्हा उघडले. म्या दर पंचमीले नागोबाले दूध कबूल केलं."

दिपमाला उठून अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. प्रशील मागून आले, तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"काय झालं, मॅडम?"

"साप नव्हताच, बैसाणे. आणि तिचा आजार त्या दिवशी सगळ्यांसमोर सापडला होता. सापडला, आणि तो नागोबाच्या नावावर जमा झाला."

३

सोनगीरला हितेंद्र घरी नव्हता. त्याची बायको रूपा होती. डोळे सुजलेले, तरी हात चालू. ओट्यावर आखाजीची भांडी अजून पडलेली.

"ननंदबाई कशी व्हती, ते मालेच माहीत शे," ती म्हणाली. "आमनी मैत्री व्हती. बठ्ठा गावमा तिनासारखा मांडा कोन्ले जमे नही."

खानदेशात मांडा म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर उचलायचा, या हातावरून त्या हातावर खेळवायचा, कोपरापर्यंत ताणत न्यायचा आणि उपड्या खापरावर अलगद सोडायचा. खांदे उचललेले, हात हवेत. एका मांड्याला तेवढा वेळ धरायचे, पुन्हा दुसऱ्याला.

"आखाजीला तिने केले का मांडे?"

"मी नको म्हने. अंगमा ताप व्हता तिना, दोन-तीन दिसपाईन. पन ती ऐके का? म्हने, वरीसना सन शे, मीच करसू. पहिला मांडा इतला मोठा का खापर झाकाई गयं. मंग लहान लहान व्हत गयात. शेवटला ते तिना हातवरच फाटी गया. ती हासनी. म्हने, रूपा, मन्हा हातच मन्हा ऐकतस नही."

रूपाने पदर तोंडाला लावला.

"ती मांड्यांची चळत कुठे आहे?"

"कोन खाई ते? तशीच शे."

टोपल्यातली चळत वाळून कडक झाली होती. तळाशी टोपल्याच्या कडांना टेकलेला भला थोरला मांडा, मग त्याहून लहान, मग हातरुमालाएवढा, आणि सगळ्यात वर फाटलेली चिंधी. दिपमाला तिच्याकडे बघत राहिली. एवढा स्वच्छ पुरावा तिच्या दवाखान्यातल्या मशीननेही कधी काढून दिला नव्हता. तेही हेच करतं. नसेला पुन्हा पुन्हा झटका देतं आणि स्नायूचा प्रत्येक पुढचा प्रतिसाद लहान होतोय का ते बघतं.

प्रशीलनी विचारलं, "आणि त्या टॉनिकच्या बाटलीचं काय?"

"बाटली?" रूपा म्हणाली. "अर्धी ते मीच पिनू. माले बी थकवा येस. कसाले, काय व्हयनं?"

प्रशील तिच्याकडे बघत राहिले. कुंदनला ज्या बाटलीसाठी कोठडीत टाकलं होतं, तिच्यातलं अर्धं विष पिऊन ही बाई त्यांच्यासमोर भांडी घासत होती.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"कोनी इचारं माले? तुम्हना मानसे उनात, बाटली उचलीसन निंघी गयात."

४

गाडीत दिपमालाने पट्टा लावला, तो पुन्हा काढला. मग एकदम म्हणाली, "ज्यांनी पोस्टमॉर्टेम केलं त्यांना फोन लावा. विचारा, छातीच्या मधल्या हाडामागे गाठ होती का. नेमकं हेच विचारा."

"गाठ? मृत्यू श्वास अडकून झालाय, मॅडम."

"लावा हो. तिथे नेहमीच गाठ असते असं नाही. असली तर माझं नशीब, आणि त्या कुंदनचंही."

फोन स्पीकरवर लागला. "हो. होती," पलीकडचा डॉक्टर म्हणाला. " मांसल, लिंबापेक्षा मोठी. मृत्यूशी संबंध वाटला नाही, पण नोंदवलीय. तुम्हाला कोणी सांगितलं?"

प्रशीलनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "आता मलाही सांगा."

"या आजाराचं नाव मायस्थेनिया," दिपमाला म्हणाली. "नस हुकूम देते आणि स्नायू तो पाळतो. मध्ये बारीक दारं असतात, हुकूम त्यांतून जातो. कामिनीचं शरीर स्वतःच ती दारं मोडत होतं. विश्रांती घेतली की उरलेली दारं पुरतात, म्हणून सकाळी ती ठणठणीत. वापर झाला की पुरत नाहीत. पापण्या पडतात, आवाज नाकात जातो, जबडा हाताने धरावा लागतो. छातीमागची गाठ या आजाराची जुनी सोबतीण. सगळ्यांनी तिचं डोकं तपासलं. दुखणं डोक्यात नव्हतंच."

"आणि साप?"

"काही साप नेमकी हीच दारं बंद करतात. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी सापाच्या विषावरची लस दिली आणि सोबत दारं उघडणारं दुसरं इंजेक्शनही. त्यांचं काही चुकलं नाही. डोळे उघडले ते त्या दुसऱ्या इंजेक्शनाने. त्याचा जोर घंटा-दोन घंटे, म्हणून पुन्हा मिटले. त्याच औषधाच्या गोळ्या मिळतात, बैसाणे. साध्या दुकानात. रोज त्या घेतल्या असत्या, गाठ काढली असती, तर ही बाई म्हातारी होईपर्यंत मांडे करत राहिली असती."

रस्त्याने एक ट्रॅक्टर गाणं वाजवत गेला. प्रशील हळूच म्हणाले, "म्हणजे खून नाही. आजाराने गेली. कुंदन सुटला."

"अजून नाही. मला एक गोष्ट टोचतेय." तिने खिडकीची काच खाली केली. "हा आजार तिला वर्षानुवर्षं होता. कपाशी वेचून, भाकरी थापून, शिव्या खाऊन ती जगत होती. मांड्यांनी माणूस थकतो, मरत नाही. मग नेमकी त्याच दिवशी का मेली? कोणीतरी उरलीसुरली दारं बंद केली."

"ताप?"

"तापाने निम्मी होतील. बाकीची कशाने?"

प्रशीलनी तिच्याकडे पाहिलं. दोघांनाही मेडिकल दुकानावरचा एकच माणूस आठवला.

५

हितेंद्र पोलीस ठाण्यात आला तो तावातावातच. उंच, सडपातळ, खिशाला दोन पेनं.

"साहेब, दाजीला जामीन देऊ नका. त्या म्हातारीलाही घ्या. अक्काला ढोंगी ढोंगी म्हणून यांनी खाल्लं. आमच्या घरात तिच्यावर विश्वास ठेवणारा एकटा मी होतो."

"खरं आहे," दिपमाला म्हणाली. "एकटा तूच होतास. म्हणून ताप आल्यावर तू तिला हसला नाहीस. इलाज केलास."

"मग? लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप. डॉक्टरकडे गेलं तर तेच लिहून देतात. मी रोज बघतो, मॅडम. काउंटरवर अर्धं आयुष्य गेलं. गोळ्या तिला गिळता येत नव्हत्या, म्हणून इंजेक्शन दिलं. सकाळ-संध्याकाळ. स्वतः, स्वतःच्या हाताने."

"कोणतं?"

"जेंटामायसीन. चांगल्या कंपनीचं. तिच्यासाठी मी हलकं आणीन का?"

खोलीतला पंखा कुरकुरत होता. दिपमालाने हातांची घडी सोडली. गावभर सापडला नव्हता तो मारेकरी सापडला होता, आणि त्याच्याइतकं प्रेम कामिनीवर दुसऱ्या कोणी केलं नव्हतं.

गोड बोलायची कला तिला येत नव्हती. तिने सगळं सांगितलं. दारं, साप, गाठ, मांडे. आणि शेवटी, की या आजाराच्या माणसाला ते इंजेक्शन म्हणजे उरलेल्या दारांना आतून कडी. दुसऱ्या कोणाला दिलं असतं तर ताप उतरला असता.

हितेंद्र ऐकत होता. आधी मान हलवत होता, गिऱ्हाइकाचं ऐकल्यासारखी. मग मान थांबली.

"म्हणजे दाजींनी नाही."

"नाही."

"म्हणजे मी."

"इंजेक्शन तू दिलंस. डॉक्टरला न विचारता दिलंस, तो गुन्हाच आहे, आणि तो तुला भोगावा लागेल. पण तिला आजार आहे हे तुला कोणी सांगायचं होतं? ज्यांनी फी घेऊन तिला टेन्शन आहे म्हणून परत पाठवलं त्यांनी. त्यांच्यापैकी एकालाही इथे बोलावता येणार नाही. कायद्यात त्यासाठी कलम नाही. असतं, तर मीच तक्रार दिली असती."

"कोणतं चाललं असतं?" त्याने विचारलं.

"काय?"

"इंजेक्शन. जेंटा नाही, तर कोणतं चाललं असतं? आमच्या दुकानात होतं का?"

दिपमाला त्याच्या खिशातल्या दोन पेनांकडे बघू लागली.

"सांगा ना, मॅडम. व्हतं का मन्हा दुकानमा?"

"होतं," ती म्हणाली.

मग तो खुर्चीवरून खाली सरकला, आणि त्याच्या तोंडून जो आवाज आला तो ऐकून बाहेरचा शिपाई पळत आत आला.

६

दवाखान्यात कामिनीचं रक्त राखून ठेवलेलं होतं. दिपमालाने ते मुंबईला तपासायला लावलं. निकाल आला. तिच्या रक्तात तीच दारं मोडणारे पदार्थ भरलेले होते. हितेंद्रने आपणहून जबाब दिला, काही लपवलं नाही, आणि कुंदनवरची तक्रार चुकीची होती हेही लिहून दिलं. कुंदन सुटला.

तो बाहेर आला तेव्हा दाढी वाढलेली, चपला कोणीतरी दिलेल्या. झाडाखाली जामिनावर सुटलेला हितेंद्र उभा होता. प्रशील मध्ये पडायच्या तयारीने दोन पावलं पुढे झाले. त्याची गरज पडली नाही. कुंदन त्याच्याजवळून सरळ दिपमालाकडे आला.

"बाई, मायनं सांगतलं, तुमी पहूरले गेल्त्या म्हनून. एकच इचारतो. शेवटाले तिले समजत व्हतं का?"

प्रशीलनी दिपमालाकडे पाहिलं. नाही म्हणा, असं ते डोळ्यांनी म्हणत होते. बेशुद्ध होती म्हणा. कोणाचं काय जाणार होतं?

पण कामिनीच्या नावावर आयुष्यभर सगळ्यांनी खोटेपणा चिकटवला होता. तिच्या मरणावर आणखी एक खोटं चिकटवायला दिपमाला तयार नव्हती.

"हो," ती म्हणाली. "या आजारात डोकं शाबूत राहतं. तिला सगळं ऐकू येत होतं. फक्त बोलता येत नव्हतं."

कुंदनने मान डोलावली. मग तो मेहुण्याकडे वळला. "तू व्हता तिच्यापाशी. सांग."

हितेंद्रचं बोलणं तुटक तुटक येत होतं. "मी तिनं डोकं मांडीवर लिधं. म्हटलं, अक्का, घाबरू नको, आणखी एक सुई देतो, बरं वाटेल. सिरिंज भरली. तिने हात उचलला, दाजी. जरासाच. माझ्या मनगटावर पडला तो. मला वाटलं, माझा हात धरतेय. मी म्हटलं, हो हो, मी आहे ना. आणि सुई टोचली."

रस्त्यावर रिक्षावाले गिऱ्हाइकांना हाका मारत होते.

"आता मला झोप नाही. तिला समजत होतं म्हणतात मॅडम. मग तिला हेही समजलं असेल, की सुई दिली की जास्त होतंय. ती माझा हात धरत होती, का ढकलत होती? मॅडम, तुम्ही सांगा. तुम्हाला सगळं कळतं. धरत होती का ढकलत होती?"

दिपमालाचे ओठ हलले. उत्तर कुंदनने दिलं. त्याने मेहुण्याच्या दंडाला धरलं, आणि लहान पोराला समजवावं तसं म्हणाला,

"धरतच असन रे. ढकलाले जोर लागते. तिच्यात कुठी उरेल व्हता जोर?"

हितेंद्रने त्याच्या खांद्यावर तोंड घातलं.

धरायलाही तितकाच जोर लागतो, हे दिपमालाला माहीत होतं. ती बोलली नाही.